‘पुनरागमन’ की नुसतं ‘येणं’?

नगरकर
आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) आगमनकाळाच्या, नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, पुस्तिकेचं मुद्रितशोधन माझ्या गळ्यात पडलंय. मुखपृष्ठावर पाळकसाहेबांनी दिलेलं वाक्य आहे: ‘ख्रिस्ताच्या पुनरागमनाची प्रतीक्षा करीत विश्वासूपणे जगू या.’ चूक काहीच नाही, पण मोठ्याने वाचलं की परिपत्रक वाटतं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, ‘कोणाच्या बदलीची ऑर्डर आलीय?’ पुनरागमनाला घरातला शब्द सुचवा. आणि ‘विश्वासू’ बरोबर की ‘विश्वासी’?

पाटीपेन्सिल
‘पुनरागमन’ मराठी कानाला ओळखीचं आहे ते गणपतीच्या उत्तरपूजेमुळे. ‘पुनरागमनाय च’ म्हणत अक्षता टाकायच्या आणि मूर्ती जराशी हलवायची. तिथलं परतणं दरवर्षीचं, तिथी ठरलेली. तुमच्याकडे ख्रिस्त जगाच्या शेवटी परत येणार, ते एकदाच व्हायचं आणि दिवस कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे शब्द बरोबर, पण येताना पंचांग घेऊन येतो. वर्तमानपत्रांनी तो दुखापतीतून संघात परतलेल्या फलंदाजालाही देऊन टाकलाय, ते वेगळंच.

वसईची
दिवस ठाऊक नाही म्हणता, पण काढणाऱ्यांनी काढलाच होता. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या अनुयायांनी बायबलातल्या आकड्यांवरून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. २३ तारीख उजाडली, पीक तसंच उभं.

शब्दाचं म्हणाल, तर मी साधं ‘येणं’च ठेवीन. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. लहानपणी मी एकदा ‘जाते गं’ म्हणून उंबरा ओलांडला, तर आजीने परत बोलावून ‘येते’ म्हणायला लावलं होतं. आता बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, त्याचा शेवट काढा (२२:२०). तिथे प्रभू म्हणतो, मी लवकर येतो. मूळ ग्रीकमध्येही क्रियापद वर्तमानकाळी आहे, ‘एर्खोमाइ’. ‘येईन’ म्हटलं की आश्वासन, ‘येतो’ म्हटलं की माणूस दारात चपला घालतोय. इतर भाषांत हे वाक्य कसं ऐकू येतं कोण जाणे, मराठीत त्यात निरोप आणि वचन दोन्ही ऐकू येतात. (‘मी पुन्हा येईन’ मात्र मुखपृष्ठावर घेऊ नका, २०१९पासून लोक हसतात.)

नगरकर
‘येतो’ फारच पटलं. पण त्याच ओळीत त्यावर भक्तांचं उत्तर ‘ये’ असं एकेरी. गणपतीला आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो. मग इथे एकेरी का?

पाटीपेन्सिल
विठ्ठलालाही ‘ये’च म्हणतो की. पाहुण्याला ‘या’, माउलीला ‘ये’.

हीच हाक पहिल्या पिढीच्या तोंडात अरामी भाषेत होती: मारानाथा. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला ग्रीकमध्ये पत्र लिहितो, पण शेवटी हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवतो (१ करिंथ १६:२२). गंमत अशी की तो दोन जागी तोडता येतो. ‘माराना था’ म्हणजे आमच्या प्रभो, ये. ‘मारान अथा’ म्हणजे आमचा प्रभू आला आहे. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळे कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यावर. बहुतेक अभ्यासक ‘ये’कडे झुकतात, मीही.

आणखी एक ग्रीक शब्द ‘पारूसिया’. अर्थ उपस्थिती, आगमन. पण राजाच्या किंवा बड्या अधिकाऱ्याच्या नगरभेटीलाही तोच शब्द. राजा यायचा म्हणून रस्ते दुरुस्त होत, गावावर जादा पट्टी बसे. मंत्र्याच्या दौऱ्याआधी रातोरात पडणारं डांबर आठवा. मग प्रतिष्ठित लोक वेशीबाहेर जाऊन त्याला घेऊन येत. त्या बाहेर जाण्याला ‘अपान्तेसिस’ म्हणत आणि मराठी बायबलात त्यासाठी ‘सामोरे’ हा अचूक शब्द आहे. आपण तो ‘संकटाला सामोरे जाणे’त पार झिजवला. मूळ अर्थ सीमांतपूजनाचा: वरपक्ष आला की गावाच्या सीमेवर जाऊन त्याला मानाने आत आणायचं. येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, नेमकं हेच चाललंय: दिवे घेऊन त्या नवऱ्या मुलाला सामोऱ्या जायला निघतात.

नगरकर
त्या दाखल्यावरून आठवलं. शब्बाथशाळेत एका पोराने ‘वर येत आहे’ वाचलं आणि छताकडे बघितलं. वर्गही बघायला लागला. त्याला नवरा मुलगा समजावून सांगेपर्यंत तास संपला.

वसईची
😀 त्याच दाखल्यात लोक एक गोष्ट विसरतात. झोप दहाही जणींना लागली होती, शहाण्यांनासुद्धा. फरक तेलाचा. आपण ‘डोळ्यांत तेल घालून’ राखण करतो, त्या पाच शहाण्यांनी ते दिव्यांसाठी भांड्यात जादा घेतलं होतं. म्हणून पुस्तिकेत ‘जागृत राहा’ असेल तर जरा थांबा. मराठीत जागृत असतं ते देवस्थान, माणूस जागा असतो. ‘सावध’ किंवा ‘तयारीत’ जास्त जवळचं. (तिथलं ग्रीक क्रियापद ‘ग्रेगोरेओ’. ग्रेगरी नावाचा अर्थ ‘जागता’. आमच्या आळीतला ग्रेगरी मात्र दुपारी दोन ते पाच दार उघडत नाही.)

‘विश्वासी’ म्हणजे विश्वास ठेवणारा, ‘विश्वासू’ म्हणजे ज्याच्यावर ठेवावा तो. ग्रीक ‘पिस्तोस’मध्ये दोन्ही अर्थ आहेत, मराठीत निवडावं लागतं. इथे विश्वासूच. दुसऱ्या एका दाखल्यात मालक परगावी गेलाय, किल्ल्या नोकराकडे, आणि बाकीच्या चाकरांना वेळेवर जेवायला घालायचं, एवढंच त्याचं काम (मत्तय २४:४५). थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत काहींनी कामधंदा सोडला होता, तेव्हा पौलाने सरळ लिहिलं, काम करायचं नसेल त्याने जेवूही नये. त्यामुळे ‘प्रतीक्षा’ काढाच. प्रतीक्षा प्रतीक्षालयात बसून होते. वाट पाहताना बाई भाकरी थापते, पोरांना ओरडते आणि मधूनच दाराबाहेर डोकावते.

नगरकर
पाळकसाहेबांशी बोललो. ‘पुनरागमन’ आतल्या लेखात राहील, तिथे शास्त्रीय शब्द हवा म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. मुखपृष्ठ असं ठरलं: ‘तो येतो म्हणालाय. वाट पाहत, विश्वासूपणे जगू या.’ आईने पास केलं. आता छापखानेवाला म्हणतो ‘पहात’ हवं. कोण बरोबर?

पाटीपेन्सिल
‘पाहत’. क्रियापद पाहणे. आज्ञार्थात ‘पाहा’ आणि ‘पहा’ दोन्ही चालतात, इथे नाही. आणि ‘म्हणालाय’नंतरचा पूर्णविराम राहू द्या, छापखानेवाला तिथे उद्गारचिन्ह टाकेल.