माझ्याकडून ‘एव्हरीथिंग’ची भर

विंडोजसाठी उपयोगी मोफत सॉफ्टवेअर कोणती, या इथल्या चर्चेत व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) आणि सेव्हन-झिप (फायली झिप करणारं) ही नावं आली, त्यांना माझंही अनुमोदन. पण कॉम्प्युटरवरच्या फायली शोधून देणाऱ्या ‘एव्हरीथिंग’चं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही?

विंडोजचा स्वतःचा शोध फाइल हुडकता हुडकता दमतो. याच्यात नावाची दोन-तीन अक्षरं टाइप केली की यादी हजर. गुपित असं, की एनटीएफएस (विंडोजची फायली साठवायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर सगळ्या फायलींची एक नोंदवही, म्हणजे मास्टर फाइल टेबल, असतेच. हा थेट तीच वाचतो, एकेक फोल्डर उघडत बसत नाही. देवनागरी नावंही सापडतात. माझं हरवलेलं ‘लाईटबिल’ ‘नवीन फोल्डर’मधल्या ‘नवीन फोल्डर’मध्ये निघालं! (हसू नका, तुमच्याकडेही असेल.) मात्र हा वेग नावाच्या शोधातच, आतला मजकूर शोधायला हा फार संथ.

दुसरं नाव लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं सॉफ्टवेअर. ते २०१० साली ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालं. पत्रं, घरखर्चाचे हिशेब यांना पुरून उरतं. वर्डच्या फायलीतली मांडणी कधीकधी हलते, म्हणून कुणाला पाठवायचं तर पीडीएफ करूनच पाठवतो.

नवा कॉम्प्युटर असेल तर निनाइटच्या साइटवर हव्या त्या सॉफ्टवेअरवर टिक करा. सगळ्यांचा मिळून एकच इन्स्टॉलर मिळतो आणि टूलबारसारखे आगंतुक पाहुणे येत नाहीत. एव्हरीथिंग आणि लिबरऑफिस दोन्ही तिथे आहेत.