शब्दचर्चा : राष्ट्राध्यक्षांचा ‘अध्यादेश’ आणि टाऊनशिपमधल्या घरांचा ‘निषेध’

उपसंपादक :
अमेरिकेतल्या २०२४ च्या निवडणुकीनंतर न्यू जर्सीत जमिनीवरून पेटलेल्या वादांवर एक लेख मराठीत आणायचा आहे. यंत्राने केलेला कच्चा तर्जुमा हाताशी आहे. नमुन्याला दोन वाक्ये :

“नियोजित राष्ट्रपतींच्या अध्यादेशामुळे टाऊनशिपच्या पुनर्विकासाला वेग येणार असून घरांचा निषेध करण्याच्या प्रस्तावाला रहिवाशांनी हरकत घेतली. झोनिंग अध्यादेशातून सूट देण्याचा अर्ज मंडळाने ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केला.”

ऱ्हस्वदीर्घ सगळे जागच्या जागी आहे, अर्थ मात्र पावलोपावली घसरला आहे. शब्द सुचवा, आणि तोच का तेही सांगा.

मोडीवाचक :
‘राष्ट्रपती’पासूनच सुरुवात करू. मराठीत तो शब्द भारताच्या घटनात्मक पदाला चिकटलेला आहे. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारी व्यक्ती, अशी त्याची छाया. अमेरिकेतली व्यक्ती स्वतःच कार्यकारी प्रमुख असते, म्हणून तिथे ‘राष्ट्राध्यक्ष’ किंवा नुसते ‘अध्यक्ष’.

‘नियोजित’ इथे नको. निवडून आलेला पण शपथ न घेतलेला तो ‘नवनिर्वाचित’. ‘भावी’ तर मुळीच नको, तो फ्लेक्सवरचा शब्द आहे.

बांधावरून :
‘नियोजित’ला इतक्या सहज बाद करू नका. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष निवडला गेल्यापासून सूत्रे हाती घेईपर्यंत ‘नियोजित’च असतो. ‘नवनिर्वाचित’ माणूस पदावर बसल्यानंतरही काही दिवस नवनिर्वाचितच राहतो. नवनिर्वाचित सरपंच कामाला लागलेला असतो. अजून खुर्चीत बसलेला नाही, ही छटा ‘नियोजित’मध्ये जास्त आहे.

मोडीवाचक :
संमेलनाचा दाखला मान्य. पण ‘नियोजित’ म्हणजे ठरवलेला. मतदारांनी निवडला हा अर्थ त्यातून गळतो.

खरी चूक पुढच्या शब्दात आहे. मतदान ५ नोव्हेंबर २०२४ ला, शपथ २० जानेवारी २०२५ ला. मधले ७६ दिवस सही मावळत्या अध्यक्षांची चालते. नवनिर्वाचित अध्यक्षांना त्या काळात कसलाच आदेश काढता येत नाही. ‘नवनिर्वाचितांच्या अध्यादेशामुळे’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आणि वस्तुस्थितीने अशक्य.

एडिसनकर :
त्याहून मोठा घोळ ‘अध्यादेश’ या शब्दाचा. एकाच परिच्छेदात तो दोनदा आलाय आणि दोन्हीकडे चुकलाय, तेही उलटसुलट.

आपल्याकडे संसदेचे अधिवेशन नसताना राष्ट्रपती काढतात तो अध्यादेश. त्याला कायद्याचे बळ असते आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो गळतो. अमेरिकेचे अध्यक्ष काढतात तो एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे आपल्या हाताखालच्या खात्यांना दिलेला आदेश. तो संसदेपुढे मंजुरीला जात नाही आणि नवा कायदाही घडवत नाही. त्याला ‘कार्यकारी आदेश’ म्हणा.

झोनिंग म्हणजे कुठल्या जागेवर काय आणि किती बांधता येईल ते ठरवणे. ‘झोनिंग ऑर्डिनन्स’ मधला ऑर्डिनन्स हा उलट गावाच्या कौन्सिलने वाचने आणि जाहीर सुनावणी घेऊन केलेला स्थानिक कायदा. आपल्या पालिकांच्या भाषेत ‘उपविधी’. इंग्रजी शब्द तोच असल्याने यंत्राने तिथेही अध्यादेश घातला. वाचकाला वाटणार, गावाच्या झोनिंगवरही राष्ट्राध्यक्षांचीच सही.

बांधावरून :
आणि मराठी वाचकाच्या डोक्यात जमीन व अध्यादेश ही जोडी आधीच पक्की आहे. लोकसभेचा निकाल मे २०१४ मध्ये लागला, आणि नव्या केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०१४ ला भूसंपादन कायद्यात बदल करणारा अध्यादेश काढला. तो पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला गळाला. काही प्रकारच्या प्रकल्पांना जमीनमालकांच्या संमतीच्या अटीतून मोकळे करणे हा त्यातला कळीचा मुद्दा होता. २०१३ च्या कायद्यात खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीला ७० टक्के संमती लागते. ज्याने ते दिवस पाहिलेत, तो ‘अध्यादेश’ वाचला की थेट दिल्लीच आठवणार.

म्हणून शब्द निवडताना आधी विचारा, सही कोणाची? राष्ट्राध्यक्षांची, राज्याची, की गावाच्या मंडळाची?

एडिसनकर :
अगदी हेच. अमेरिकेत जमिनीचा वापर ठरवण्याची सत्ता राज्यांकडे आहे आणि राज्यांनी ती गावांना दिली आहे. न्यू यॉर्कने १९१६ मध्ये शहरभर झोनिंग लावले, आणि १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनेत बसते असे सांगितले. अध्यक्ष कोणीही असो, तुमच्या गल्लीत चार मजले चढवायचे की दोन, हे तो ठरवत नाही.

वॉशिंग्टनचा हात पोचतो तो पैशाच्या वाटेने. घरबांधणीचा केंद्रीय निधी हवा असेल तर वस्त्यांमधला भेदभाव दूर करण्यासाठी काय करता ते दाखवा, असा नियम २०१५ मध्ये ओबामांच्या काळात झाला. ट्रम्प यांनी तो २०२० मध्ये काढला, बायडन यांनी २०२१ मध्ये काही अंशी परत आणला, २०२५ मध्ये तो पुन्हा गेला. इथे क्रियापद जपा. ‘झोनिंग रद्द केले’ नव्हे, ‘निधीची अट काढली’.

आणखी एक. घरबांधणीचे केंद्रीय खाते सांभाळणारा सेक्रेटरी म्हणजे ‘सचिव’ नव्हे, ‘मंत्री’. मात्र घाईत ‘गृहमंत्री’ लिहू नका, गृहनिर्माण मंत्री.

उपसंपादक :
‘झोनिंग’ला मराठी काय? मसुद्यात दुसरीकडे ‘आरक्षण’ असे आले आहे.

बांधावरून :
आरक्षण अजिबात नाही. विकास आराखड्यात शाळा, बाग, रस्ता, दवाखाना यासाठी जागा राखून ठेवतात ते आरक्षण, आणि त्याचा शेवट संपादनात होणे अपेक्षित असते. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण उठते. झोनमध्ये जमीन मालकाचीच राहते, फक्त तिथे काय करता येईल ते ठरते. आपल्याकडे तलाठ्यापासून एजंटापर्यंत सगळे ‘झोन’च म्हणतात : झोन दाखला, ग्रीन झोन, आर झोन. ‘विभागीकरण’ शासकीय छपाईत शोभेल, बोलण्यात नाही. ‘झोनिंग’च ठेवा.

मोडीवाचक :
आणि ‘विकास’? लेखात ‘विकासाला विरोध’ असेल तर गाववाले प्रगतीचे वैरी वाटतात. कायद्यात विकास म्हणजे जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेले बांधकाम, खोदकाम, किंवा वापरातला बदल. पाडकामही त्यात येते. जिथे इमारतीबद्दल बोलणे आहे तिथे सरळ ‘बांधकाम’ लिहावे.

एडिसनकर :
‘टाऊनशिप’ मात्र तळटीप मागतो. पुण्यातल्या वाचकाला टाऊनशिप म्हटले की बिल्डरची मोठी वसाहत, फाटक, क्लबहाऊस आणि मेंटेनन्सचे बिल आठवते. न्यू जर्सीत टाऊनशिप हा स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रकार आहे. राज्यातल्या ५६४ पालिका बरो, टाऊनशिप, सिटी, टाऊन आणि व्हिलेज अशा पाच प्रकारांत मोडतात. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेले एडिसन हे टाऊनशिपच. लेखात पहिल्यांदा ‘टाऊनशिप ही पालिका’ असे लिहा, पुढे ‘पालिका’ पुरे.

एडिसनसारख्या ठिकाणी मेयर थेट निवडून येतो आणि कारभारही तोच पाहतो. आपला महापौर मुख्यतः सभा चालवतो, कारभार आयुक्तांकडे असतो. म्हणून ‘महापौर’पेक्षा थेट निवडून आलेला ‘नगराध्यक्ष’ जवळचा.

बांधावरून :
‘पुनर्विकास’ही फसवा. मुंबईत पुनर्विकास म्हणजे सोसायटी पाडली, सभासदांना भाडे आणि नंतर वाढीव चटई क्षेत्राची नवी घरे. न्यू जर्सीचा अर्थ तोच का?

एडिसनकर :
नाही. तिथे १९९२ च्या कायद्याखाली पालिका एखादा भाग ‘पुनर्विकासाची गरज असलेला’ म्हणून जाहीर करते. नियोजन मंडळ पाहणी करते, सुनावणी होते, मग कौन्सिलचा ठराव. तिथल्या मालकाला नवे घर मिळेलच असे नाही. २०१३ पासून ठरावातच सांगावे लागते की या भागात सक्तीने संपादन होऊ शकते की नाही. ‘संपादनासह पुनर्विकास क्षेत्र’ आणि ‘संपादनाविना पुनर्विकास क्षेत्र’ असे दोन शब्द करा. हा फरक निसटला तर मालकाचे नुकसान होते, कारण संपादनासह जाहीर झालेल्या भागाला आव्हान द्यायला नोटिशीनंतर ४५ दिवस असतात.

तुमचा ‘निषेध’ नेमका इथून आला. ‘कंडेम’ म्हणजे धिक्कार करणे, हा शब्दकोशातला पहिला अर्थ. जमिनीच्या कायद्यात कंडेम्नेशन म्हणजे सक्तीचे संपादन.

मोडीवाचक :
आणि तिसरा अर्थ आपल्या महापालिकेच्या नोटिशीतला, ‘कंडेम बिल्डिंग’ म्हणजे धोकादायक इमारत. तोही इथे नको.

‘एमिनंट डोमेन’ला ‘भूसंपादन’ लिहितात ते अपुरे आहे. भूसंपादन ही कृती, एमिनंट डोमेन हा त्यामागचा अधिकार. ‘सक्तीच्या संपादनाचा अधिकार’ लांब आहे पण कळतो.

याच विषयातला केलो खटला लेखात असेल तर दोन शब्द वेगळे ठेवाच. अमेरिकेच्या घटनेत ‘सार्वजनिक वापर’ आहे. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराने घरे घेऊन खासगी विकासकाच्या योजनेला जागा द्यायची ठरवली. वापर लोकांचा नव्हता, पण रोजगार आणि कर वाढतील हे ‘सार्वजनिक प्रयोजन’ आहे, म्हणून चालेल, असा निकाल जून २००५ मध्ये ५ विरुद्ध ४ ने लागला. भारतीय कायद्यात शब्दच ‘सार्वजनिक प्रयोजन’ आहे. तो दोन्हीकडे वापरलात तर भांडण कशावरून होते तेच वाचकाला कळणार नाही. (घरे गेली, योजना उभी राहिलीच नाही, जागा वर्षानुवर्षे रिकामी पडली. त्यानंतर ४० हून अधिक राज्यांनी आपले कायदे बदलले.)

बांधावरून :
मोबदल्याचेही बघा. आपल्या २०१३ च्या कायद्यात बाजारमूल्याला गुणक लागतो आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम, त्यामुळे ग्रामीण भागात आकडा चौपटीपर्यंत जातो. अमेरिकेतली ‘जस्ट कॉम्पेन्सेशन’ म्हणजे साधारणपणे बाजारभाव, बस. ‘भरपाई’ लिहा, पण पहिल्या उल्लेखाला ‘बाजारभावाइतकी’ जोडा, नाहीतर समृद्धी महामार्गाचे दर आठवून वाचक हिशेब करत बसेल.

उपसंपादक :
राहिले ‘सूट’, ‘हरकत’ आणि ते ४ विरुद्ध ३.

एडिसनकर :
व्हेरियन्स म्हणजे नियमातून एका भूखंडापुरती दिलेली ‘शिथिलता’. ‘सूट’ करात मिळते. न्यू जर्सीत दोन जाती आहेत. सी प्रकार मापांचा : सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) पाच फूट कमी पडते, भूखंड अरुंद आहे. डी प्रकार मुख्यतः वापराचा : घरांच्या झोनमध्ये दुकान, किंवा ठरलेल्यापेक्षा जास्त दाटीची घरे.

डी प्रकाराला सात जणांच्या झोनिंग मंडळात किमान ५ होकार लागतात. त्यामुळे तुमच्या वाक्यातला अर्ज डी प्रकारचा असेल तर ४ विरुद्ध ३ म्हणजे ‘मंजूर’ नव्हे, ‘फेटाळला’. यंत्राने चार मोठे की तीन एवढेच पाहिले. मूळ कागदावर प्रकार कोणता ते बघितल्याशिवाय हे वाक्य छापू नका.

‘हरकत’ छान आहे, फेरफाराच्या नोटिशीमुळे गावोगाव कळतो. फक्त तिथे लेखी हरकत टाकून घरी जाणे पुरत नाही. भूखंडाच्या २०० फुटांच्या आतल्या मालकांना किमान १० दिवस आधी नोटीस जाते, साक्षी शपथेवर होतात, हरकतदार अर्जदाराच्या तज्ज्ञाची उलटतपासणी करू शकतो. म्हणून ‘जनसुनावणी’ न लिहिता ‘सुनावणी’ लिहा. जनसुनावणी म्हटले की पर्यावरण परवानगीचा मांडव डोळ्यांपुढे येतो.

मोडीवाचक :
‘निंबी’ला काय करायचे? परवडणारी घरे हवीत, पण आमच्या परसात नकोत, असे म्हणणारे. ‘शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात’ ही म्हण तयार आहे.

बांधावरून :
जवळ जाते, पण चपखल नाही. म्हणीत त्याग दुसऱ्याने करावा असा भाव आहे. इथे उपद्रव दुसऱ्याकडे जावा असा. ‘आमच्या परसात नको-वाले’ ठीक आहे. म्हण मथळ्याला ठेवा.

एडिसनकर :
मसुद्यात पुढे ‘३१ जानेवारीची मुदत’ असेल तर तिची सही तपासा. २० जानेवारीला शपथ आणि अकरा दिवसांनी पालिकांना परवडणाऱ्या घरांचा आकडा ठरावाने मान्य करायची मुदत, म्हणून लोक दोन्ही जोडतात. ती मुदत मार्च २०२४ मध्ये ट्रेंटनला, म्हणजे न्यू जर्सीच्या राजधानीत, झालेल्या राज्याच्या कायद्यातली, आणि त्यामागे १९७५ पासूनचे माउंट लॉरेलचे निकाल : प्रत्येक पालिकेने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलावा, असे सांगणारे. पालिकेने वाटा उचलला नाही तर बिल्डर कोर्टात जाऊन जास्त दाटीची परवानगी मिळवतो, त्या ‘बिल्डर्स रेमेडी’ला ‘बिल्डरचा उपाय’ म्हणू नका, ते औषध वाटते. ‘बिल्डरने कोर्टात मागितलेली दाद’ म्हणा.

उपसंपादक :
मग असे होते :

“राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकारी आदेशाने केंद्रीय निधीच्या अटी बदलू शकतात. पालिकेच्या संपादनासह पुनर्विकास क्षेत्रात घरे सक्तीने घेण्याच्या प्रस्तावाला रहिवाशांनी हरकत घेतली. झोनिंग उपविधीतून वापराची शिथिलता मागणारा अर्ज ४ विरुद्ध ३ मते पडल्याने, म्हणजे आवश्यक ५ होकार न मिळाल्याने, मंडळाने फेटाळला.”

अर्ज डी प्रकारचा होता, मूळ कागद पाहून घेतला.

बांधावरून :
‘घरे सक्तीने घेण्याच्या’ नंतर ‘भरपाई देऊन’ घाला. आणि ‘नियोजित’ काढलात ते बरे केलेत, पण पटलेले नाही.