नमनाला घडाभर तेल, पण तेल कशाला?

काही बोलायला वेळ लावला की सासूबाई लगेच म्हणतात, "नमनालाच घडाभर तेल!" हे तेल समईचं का? कोणाला माहितीये?

– समई नाही हो ताई, पूर्वी तमाशा, दशावतार रात्रभर चालायचे, लाइट नव्हती, मग मशाली नि दिवट्या, त्यांच्या चिंध्यांवर सारखं तेल ओतत राहायचं, आणि सुरुवातीचं गणपतीचं नमनच लांबलं तर घडा तिथेच रिकामा, पुढचा खेळ काय अंधारात करणार?

– अगदी बरोबर. आमचे आजोबा पालखीपुढे दिवटी धरायचे, दुसऱ्या हातात तेलाची बुधली, मनगटावर गरम ओघळ यायचे म्हणे. कोकणात तर नमन-खेळे अजून होतात, नक्की बघा.

– वा, आत्ताच सासूबाईंना वाचून दाखवते!