धाकटा प्लिनी: डोमिशियनच्या काळात खरंच थांबला होता, की नंतरची सारवासारव?

बोरूबहाद्दर (मूळ धागा)
इ.स. १०० मध्ये कॉन्सलपदाबद्दल (रोममधलं सर्वोच्च पद) सम्राट ट्रेजनचे आभार मानताना रोमन सिनेटर आणि पत्रलेखक प्लिनी सिनेटला सांगतो: पूर्वीच्या डोमिशियन सम्राटाने सज्जनांचा द्वेष उघड केला तेव्हा मी थांबलो, बढतीचा जवळचा रस्ता सोडला. मला ही लोणकढी थाप वाटते. त्याची पदं कोरलेला कोमोचा शिलालेख खालून वर वाचा: क्वेस्टर, ट्रिब्यून, प्रेटर (ही चढती सरकारी पदं), लष्करी खजिन्याचा प्रीफेक्ट (प्रमुख), मग सॅटर्नच्या म्हणजे सरकारी खजिन्याचा. प्रेटरपद ९३ चं, सॅटर्न ९८ चं. लष्करी खजिन्याची मुदत ३ वर्षं, म्हणजे ९४ ते ९६. डोमिशियनचा खून झाला सप्टेंबर ९६ मध्ये. मग हा थांबला कधी? एवढ्या पत्रांत या एका पदाबद्दल मात्र चकार शब्द नाही.

उलटतपासणी
शिलालेखात पदं आहेत, सालं नाहीत. प्रेटरपद ९५ चं मानणारेही आहेत. मग लष्करी खजिन्याचं पद डोमिशियननंतरच्या सम्राट नेर्व्हाच्या काळात सरकतं. शिवाय तत्त्वज्ञांना रोमबाहेर हाकललं तेव्हा हा प्रेटर असूनही आर्टेमिडोरस या तत्त्वज्ञाला जाऊन भेटला, स्वतः कर्ज काढून त्याला बिनव्याजी पैसे दिले. ही जोखीमच.

बोरूबहाद्दर
भेट मान्य. पण ९५ धरलं तर पंचाईत तुमचीच! डोमिशियनचे विरोधक सेनेकिओ, रस्टिकस, हेल्व्हिडियस ९३ मध्ये मारले गेले, आणि त्यानंतर यानं प्रेटरपद घेतलं असं होतं. वर ३ वर्षांची मुदत २ वर्षांत कोंबावी लागते. सहकारी टायरोबद्दलचं प्लिनीचं पत्रही बघा. तो लिहितो: मुलंबाळं असल्याच्या सवलतीमुळे टायरो आधी ट्रिब्यून झाला, पण प्रेटरपदी मी त्याला गाठलं, कारण सम्राटाने मला वाट पाहण्याचं एक वर्ष माफ केलं. सम्राट कोण? डोमिशियनच. जवळचा रस्ता आणखी कसा असतो?

पोथीनिष्ठ
पद घेतलं यात गुन्हा नाही. नाही म्हणणंही सोपं नव्हतं: सेनापती अग्रिकोलाने प्रोकॉन्सलपद (प्रांताचं राज्यपालपद) नको म्हटलं, तर डोमिशियनने त्याबद्दल त्याच्याकडूनच आभार मानून घेतले. इतिहासकार टॅसिटसही याच काळात वर चढला, पण तो तसं लिहून मोकळा होतो. खटकते ती प्लिनीची झाकपाक. तेही लष्करी खजिन्याच्या बाबतीत, म्हणजे जिथे ५ टक्के वारसाकर जमा व्हायचा आणि निवृत्त सैनिकांची देणी भागवली जायची.

उलटतपासणी
झाकपाक म्हणता, पण मॉरिकसचा किस्सा प्लिनीनेच लिहून ठेवलाय ना? नेर्व्हाकडे जेवण, त्याला अगदी खेटून डोमिशियनच्या मर्जीतला व्हेएन्टो रेललेला. मेसालिनस या आंधळ्या, तोवर मेलेल्या खबऱ्याचा विषय निघतो. नेर्व्हा विचारतो, आज असता तर त्याचं काय झालं असतं? हद्दपारीतून परतलेला मॉरिकस म्हणतो, "आपल्या पंगतीला असता."