फायली अनेक, आलेख एक: आधी जोडायच्या की नाही?

धरमपेठकर
शहरात ठिकठिकाणी लावलेले आमचे लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी यंत्रं, दर महिन्याला एकेक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता) देतात. मार्गदर्शकांचं म्हणणं, सगळ्या फायली जोडून एक मोठी फाइल करा आणि तिच्यावरून आलेख काढा. माझा याला ठाम विरोध आहे. मूळ फायली सुट्याच ठेवाव्यात आणि पहिला आलेख प्रत्येक फाइलची वेगळी रेषा दाखवणारा असावा. ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीच्या फॉर लूपने (तीच आज्ञा प्रत्येक फाइलवर चालवणं) सगळ्या फायली एकाच अक्षांवर येतात, पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्येही फायलींच्या यादीवर लूप फिरवला की झालं.

कारण आपल्याच गावचं आहे. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, दुसऱ्याने 54. बाकी दोन केंद्रं 44 च्या आसपास होती. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. चार रेषा शेजारी काढल्या तर ही गोष्ट शाळकरी पोरालाही दिसते. चारही एकत्र करून सरासरी काढा, 49.5 येते. मला 56 पेक्षा या 49.5 ची जास्त भीती वाटते. 56 वर सगळे शंका घेतात. पण 23 मे 2013 ला 47.9 सोसलेल्या शहराला 49.5 सहज पटेल.

आकडेमोड_ताई
तुम्ही जोडणं आणि सरासरी काढणं यांची गल्लत करताय. जोडताना ‘केंद्र’ नावाचा एक स्तंभ घाला, पांडास या पायथनमधल्या तक्ते हाताळणाऱ्या साधनात ते एका ओळीचं काम आहे. मग त्याच एका तक्त्यातून केंद्रानुसार रंग द्या, वेगळ्या चौकटी पाडा, काहीही करा. 56 तिथेही 56 च दिसेल.

आणि खरे प्रश्न फाइलच्या हद्दीत मावत नाहीत. उष्णतेची लाट घ्या. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 हवं, नेहमीपेक्षा निदान 4.5 अंश जास्त हवं, आणि उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसं राहायला हवं. 30 एप्रिल आणि 1 मे तुमच्याकडे दोन वेगळ्या फायलींत आहेत, दोन केंद्रं म्हणजे चार फायली. सुट्या रेषांकडे बघून लाट ठरवणार कशी?

धरमपेठकर
ताई, लाट मोजायला जोडावंच लागेल, यावर वाद नाही. माझा मुद्दा पहिल्या नजरेचा आहे. घाईत जोडलेल्या फाइलमध्ये प्रत्येक महिन्याची मथळ्याची ओळ मधेच येऊन बसते. फाइलनावांत नुसते 1 ते 12 असतील तर क्रम 1, 10, 11, 12, 2 असा लागतो आणि रेषा डिसेंबरहून उलटी फेब्रुवारीकडे धावते. हे निदान दिसतं तरी. -999 ही ‘नोंद नाही’ची खूण दिवसाच्या सरासरीत मुरली, तर कुठल्या फाइलमधून आली ते शोधत बसा.

सावनेरचा_भाऊ
अहो भाऊ, वेळेचं काऊन कोणी बोलून नाही राहिलं? आमच्याकडे पावसाच्या फायली असतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे आज दुपारी पडलेला पाऊस उद्याच्या तारखेवर चढतो. लॉगर मोजतो मध्यरात्र ते मध्यरात्र. या दोन फायली तारखेवर जोडल्या की एकाच सरीचे दोन पाऊस होतात. पेरणीच्या दिवसांत हा फरक लहान नाही.

तापमानातही तसंच. एक फाइल यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, असली की दुपारी तीनचं ऊन सकाळी साडेनऊला दिसते. सुट्या रेषा एकावर एक ठेवल्या तर कोणाचा उंचवटा सरकला ते लगेच समजते, म्हणून मी धरमपेठकरांच्या बाजूने.

जाळीवाला
नेटसीडीएफ, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या जाळीवरचे हवामानाचे आकडे ठेवायच्या फायली, वापरणाऱ्यांसाठी तिसरी वाट आहे. पायथनमधलं एक्सअ‍ॅरे हे साधन अनेक फायली एकच संच म्हणून उघडतं, डिस्कवर त्या सुट्याच राहतात, लागेल तेवढाच भाग वाचला जातो. फक्त जोडणीचा प्रकार ‘एक्झॅक्ट’ ठेवा, म्हणजे अक्षांश जुळले नाहीत की काम तिथेच अडतं. ‘आउटर’ असेल तर अक्षांशात दशांशाच्या शेवटच्या स्थानी फरक असला तरी नव्या ओळी तयार होतात, त्यांत ‘नोंद नाही’ अशा रिकाम्या जागा राहतात आणि नकाशावर पट्टे उमटतात.

आकडेमोड_ताई
भाऊ, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. वेळ एका पद्धतीत आणणं, -999 काढणं, मथळे तपासणं हे सगळं जोडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एकदाच लिहायचं. लूपवाले प्रत्येक आलेखात ते नव्याने लिहितात आणि तिसऱ्या आलेखात विसरतात. मूळ फायलींना हात लावायचाच नाही. केंद्रासोबत फाइलनावाचाही स्तंभ ठेवा, जोडण्याआधीच्या ओळींची बेरीज नंतरच्या ओळींशी ताडून पाहा.

धरमपेठकर
फाइलनावाचा स्तंभ लगेच घेतो. स्क्रिप्ट मात्र सुटे आलेख पाहिल्यावरच लिहीन. कुठली फाइल यूटीसीत आहे हे स्क्रिप्टला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते मला त्या रेषाच सांगतात. प्रबंधाच्या परिशिष्टातही तेच आलेख देणार आहे.

आकडेमोड_ताई
द्या, पण पानापानांवर पसरू नका. एकाच पानावर लहान चौकटी, आणि सगळ्यांना उभा अक्ष एकच. प्रत्येक चौकटीचा अक्ष आपोआप ठरू दिलात, तर 56 वालं केंद्र आणि 44 वालं केंद्र सारख्याच उंचीचं दिसेल.