सिमेंट झालेल्या आडव्या विहिरीत स्टेज वेगळ्या ठेवण्यासाठी कंपोझिट प्लग घ्यावा की विरघळणारा?

कूपमंडूक:

नमस्कार. यांत्रिकी अभियांत्रिकीतून मी नुकताच वेल कम्प्लीशनच्या, म्हणजे खोदलेली तेल-वायूची विहीर उत्पादनासाठी तयार करण्याच्या कामाकडे वळलो आहे. आमच्यासमोर असलेल्या विहिरीचा आडवा भाग सुमारे २,५०० मीटर लांब असून त्यात साडेपाच इंची, फुटाला २३ पौंड वजनाचे केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारी पोलादी नळी) उतरवून सिमेंट करून झाले आहे. खडकाचे तापमान ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. दाबाने खडकाला भेगा पाडण्याचे (फ्रॅकचे) काम टप्प्याटप्प्याने, म्हणजे एकेका स्टेजने करायचे असून आधीची स्टेज पुढच्या स्टेजपासून बंद ठेवावी लागते. बॉल टाकून उघडणाऱ्या स्लीव्ह (केसिंगमधल्या सरकत्या झडपा), नंतर मिलिंग करून (फिरत्या हत्याराने दळून) काढावे लागणारे कंपोझिट प्लग आणि आपोआप विरघळणारे प्लग असे तीन पर्याय चर्चेत आहेत. विरघळणाऱ्या प्लगमुळे मिलिंग वाचत असेल तर बाकीच्यांचा विचारच कशाला करायचा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु प्रकरण इतके सरळ असते तर कंपोझिट प्लग केव्हाच मागे पडले असते. निवड नेमकी कशावरून करावी?

खडकफोड्या:

आपल्या तीन पर्यायांपैकी एक आधीच बाद झाला आहे. बॉलने उघडणाऱ्या स्लीव्ह केसिंगचाच भाग म्हणून विहिरीत उतरवाव्या लागतात; टोच्या बाजूला (आडव्या भागाच्या दूरच्या टोकाला) बॉल अडकण्याची सर्वांत लहान सीट आणि हीलकडे (उभी विहीर आडवी वळते तिकडे) येताना क्रमाने मोठ्या सीट, अशी त्यांची मांडणी असते. केसिंग सिमेंट झाल्यावर त्या बसवण्याची वाट उरत नाही.

उरलेल्या दोन प्लगांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी, कारण ती बैठकांमध्ये हमखास निसटते: प्लग फक्त केसिंगच्या आतली वाट अडवतो. केसिंग आणि खडक यांच्यामधली वाट अडवण्याचे काम सिमेंटचे असते, किंवा सिमेंट न केलेल्या विहिरीत ओपन-होल पॅकरचे, म्हणजे केसिंगबाहेरची जागा भरणाऱ्या अडसराचे. सिमेंटमध्ये सलग फट राहिली असेल, तर आत कितीही भक्कम प्लग बसवला तरी द्रव बाहेरून वळसा घालून आधीच्या स्टेजच्या भेगांमध्ये शिरणारच. आडव्या भागात केसिंग स्वतःच्या वजनाने खालच्या भिंतीकडे झुकते आणि त्या अरुंद बाजूचा ड्रिलिंग मड (खोदताना वापरलेला चिखलासारखा द्रव) पूर्णपणे हटत नाही. म्हणून प्लगची माहितीपत्रके मागवण्याआधी सेंट्रलायझर (केसिंगला मध्यभागी धरणारी कडी) किती आणि कुठे बसवले होते, याची नोंद काढून पाहावी.

आता विरघळणाऱ्या प्लगाविषयी. त्याचा मुख्य भाग बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा किंवा पॉलिग्लायकॉलिक आम्लासारख्या पॉलिमरचा असतो. पहिल्याला विरघळण्यासाठी क्लोराइडयुक्त पाणी लागते, दुसऱ्याला पाणी आणि पुरेशी उष्णता. आपण दिलेले ९५ अंश हे खडकाचे तापमान आहे, प्लगाचे नव्हे. पंपिंग चालू असताना वरून थंड पाणी सतत येत असल्यामुळे प्लग त्या काळात बराच थंड राहतो आणि पंप थांबल्यावर सावकाश तापतो. स्टेज पूर्ण होईपर्यंत त्याने टिकावे, या दृष्टीने हे सोयीचेच आहे. मात्र तो किती दिवसांत विरघळेल हे खडकाच्या तापमानावरून काढले, तर उत्तर फसवे येते. फ्रॅकसाठी जवळजवळ गोडे पाणी वापरणार असाल तर मॅग्नेशियम फारच रेंगाळते. उलट, पर्फोरेशन (केसिंगला पाडलेली भोके) साफ करण्यासाठी स्टेजच्या सुरुवातीला हायड्रोक्लोरिक आम्ल सोडणार असाल, तर तेच मॅग्नेशियम नको त्या वेळी झपाट्याने झिजू शकते. म्हणून पुरवठादाराच्या तक्त्यावर न विसंबता, प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या पाण्यात आणि दोन वेगळ्या तापमानांना नमुन्याची चाचणी करून घेणे मी अनिवार्य मानतो. शिवाय ‘विरघळणारा’ म्हणजे मागे काहीच न ठेवणारा, असे नाही. स्लिपवरची (केसिंगला पकडून धरणाऱ्या भागावरची) सिरॅमिकची बटणे आणि काही बनावटींमधले रबर विहिरीत उरते.

कंपोझिट प्लग काचतंतू आणि रेझिनचा असल्यामुळे मिलिंगला लवकर दाद देतो. अडचण प्लगाची नसून तिथवर पोचण्याची आहे. मिलिंगचे हत्यार खाली नेणारी, रिळावरून सोडली जाणारी कॉइल्ड ट्युबिंग ही नळी लांब आडव्या भागात घर्षणामुळे नागमोडी आणि पुढे स्प्रिंगसारखी वळत जाते आणि एका टप्प्यानंतर वरून कितीही रेटा दिला तरी टोकावर वजन पडत नाही. याच कारणास्तव अनेक ठिकाणी टोच्या बाजूच्या, म्हणजे ट्युबिंगच्या पल्ल्याबाहेरच्या स्टेजना विरघळणारे प्लग आणि हीलकडे कंपोझिट, अशी मिश्र योजना केली जाते. आपल्या विहिरीसाठी माझे मत याच बाजूने आहे. मात्र सीमा कुठे आखायची, हे ट्युबिंगच्या पल्ल्याचे गणित करून ठरवावे.

वायरलाइनवाला:

वरील विवेचनाशी सहमत आहे. फक्त प्लग खाली नेण्याच्या बाजूने थोडी भर घालतो. या केसिंगचा आतील व्यास ४.६७० इंच आणि ड्रिफ्ट (ज्या व्यासाची वस्तू खात्रीने पार जाते तो) ४.५४५ इंच असतो. ४.३७५ इंच बाह्य व्यासाचा प्लग घेतला, तर मध्यभागी धरल्यास चहूबाजूंनी साधारण पावणेचार मिलिमीटर जागा उरते. ही जागा कमी असेल तर पंप-डाउनला (पाण्याच्या रेट्याने प्लग खाली नेण्याला) पाणी कमी लागते आणि वाट बंद करणारे रबर एलिमेंटही फटीतून बाहेर दाबले जात नाही. पण भेगा उघड्या ठेवण्यासाठी सोडलेली आणि मागे उरलेली वाळू किंवा किंचित चेपलेले केसिंग आडवे आले की तोच प्लग अडकतो.

दुसरा मुद्दा बॉलचा, म्हणजे प्लगाच्या मधल्या वाटेवर बसून ती बंद करणाऱ्या गोळ्याचा. बॉल प्लगासोबतच खाली नेला तर वरून टाकण्याचा वेळ आणि पाणी वाचते, म्हणून अलीकडे पुष्कळांचा कल तिकडे असतो. परंतु प्लग बसल्यानंतर केसिंगला भोके पाडणाऱ्या स्फोटक गन उडाल्याच नाहीत, तर खालची वाट बंद झालेली असल्यामुळे नवीन गन पाण्याच्या रेट्याने खाली नेता येत नाहीत. बॉल नंतर टाकण्याच्या पद्धतीत ती वाट मोकळी राहते. गनच्या विश्वासार्हतेबद्दल खात्री नसेल तर मी ती जुनी पद्धतच स्वीकारेन. पहिल्या स्टेजला तर अशी वाट मुळातच नसते. तिथे दाबाने उघडणारी टो स्लीव्ह केसिंगमध्ये आहे का, हे पाहून घ्यावे. नसेल तर पहिल्या पर्फोरेशनसाठी ट्युबिंग किंवा ट्रॅक्टर (विहिरीत स्वतः पुढे सरकत हत्यार ओढणारे यंत्र) लागेल.

कूपमंडूक:

दोघांचेही आभार. टो स्लीव्ह आहे. आणखी दोन शंका: पृष्ठभागावरचा दाब ९,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) जाणार असेल तर प्लगची क्षमताही तेवढीच हवी का? आणि बॉल बसताना दाबात दिसणारी उसळी हा स्टेजचे वेगळेपण टिकल्याचा पुरावा मानावा का?

दाबमापक:

प्लगाला पृष्ठभागावरचा दाब सोसावा लागत नाही. त्याच्या वरच्या आणि खालच्या दाबांतला फरक सोसावा लागतो. पाण्याच्या स्तंभाचा भार दोन्हीकडे जवळपास सारखा असल्याने तो बाजूला ठेवू. उदाहरणार्थ, वर ९,००० पीएसआय असताना केसिंगमधल्या घर्षणात २,५०० खर्च होत असतील आणि आधीच्या स्टेजचा पंप बंद केल्यानंतरचा दाब पृष्ठभागावर मोजता ४,००० असेल, तर प्लगावर फरक केवळ २,५०० पीएसआयचा येतो. मात्र वाळूने पर्फोरेशन बुजून प्रवाह एकाएकी थांबला, तर घर्षण शून्यावर येते आणि तोच फरक ५,००० होतो. खालची स्टेज कालांतराने निवळत गेली, तर तो आणखी वाढतो. क्षमता ठरवताना ही घटका धरावी, आणि तीही त्या वेळच्या तापमानाला. विरघळणाऱ्या प्लगाच्या बाबतीत तर पाण्यात किती तास काढल्यानंतरची क्षमता, हेही पुरवठादाराला स्पष्ट विचारावे.

उसळीविषयी: ती बॉल सीटवर पोचल्याचे सांगते, त्यापलीकडे फारसे काही नाही. पुढे स्लिपपाशी किंवा एलिमेंटपाशी बारीक गळती सुरू झाली तर वाळू मिसळलेला द्रव तिथून वेगाने जात प्लग आणि केसिंग दोन्ही खरवडतो, आणि गळती स्टेज संपेपर्यंत वाढतच जाते. दाबाच्या आलेखात हे अनेकदा ओळखूही येत नाही, कारण जुन्या भेगाही द्रव तितक्याच सहज घेतात. केसिंगबाहेर फायबर ऑप्टिक केबल असेल तर ध्वनी आणि तापमानाच्या नोंदींवरून द्रव कोणत्या स्टेजमध्ये गेला हे कळते. केबल नसल्यास प्लग काढल्यानंतर डाउनहोल कॅमेरा उतरवावा: प्लग बसला होता त्या जागी केसिंगवर खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर दोष आतला. तिथली भिंत स्वच्छ असून ट्रेसरच्या (द्रवात मिसळलेल्या खुणेच्या पदार्थाच्या) नोंदीत द्रव मात्र खालच्या स्टेजमध्ये गेलेला दिसला, तर ‘खडकफोड्या’ यांनी म्हटल्याप्रमाणे सिमेंटकडे पाहावे लागेल. तशा वेळी महागडा प्लग घेऊन काही साधणार नाही. पुढच्या विहिरीत सेंट्रलायझर वाढवावे लागतील.