क्राऊन-पिनियन बदलण्याआधी

ताशी साठ किलोमीटरपुढे पिकअपचा मागचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी) घोंगावतो आणि गॅरेजवाल्याने थेट क्राऊन-पिनियन, म्हणजे त्यातली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी, बदलायला सांगितले, असे आपण लिहिले आहे. मी मात्र इतक्यात खर्च करणार नाही. चोर्ला घाटासारखा रस्ता या परीक्षेला उत्तम: चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आणि उतारावर तो सोडल्यावर आवाजाचा सूर बदलत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनच्या दातांवर किंवा पिनियन बेअरिंगवर जातो, परंतु तो वळणावर, म्हणजे भार एका चाकावर गेल्यावर, कमी-जास्त होत असेल, तर आधी चाकाचे बेअरिंग पाहावे. गिअर टाकताना येणारा 'खट्' आवाज पुष्कळदा प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचाच, म्हणजे सांध्याचाच, निघतो.

त्यानंतर डिफरन्शियलचे तेल काढून पाहावे. गोव्यातल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर गरम हौसिंग (डिफरन्शियलचे कवच) एकदम थंड होते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) तुंबलेला असल्यास सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर हेच घडले आहे. चुंबकी बुचावर बारीक राखाडी चिखल असणे चालते, धातूचे कपचे मात्र चालत नाहीत.

क्राऊन-पिनियन बदलावेच लागले, तर जोडीनेच बदलावे आणि शिम (पातळ धातूच्या चकत्या) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, डायल गेजवर (बारीक माप दाखवणाऱ्या काट्याच्या उपकरणावर) मोजायला सांगावे. हाताने हलवून 'बरोबर आहे' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये.